एका खळ्यात दोन आया

आमच्या घराला खळा एकच होता आणि दारं दोन. खळा म्हणजे घरापुढची सारवलेली जागा. तिला अंगण म्हणायची आमच्या वाडीत पद्धत नाही. डावीकडचं दार आमचं, उजवीकडचं काकाचं. मधली भिंत चिऱ्याची होती, पण ती कौलांपर्यंत पोचलेली नव्हती. त्यामुळे पलीकडे काकी हसली की अलीकडे आमच्या चुलीपाशी ऐकू यायचं, आणि काकी दिवसभर हसत असायची. आमच्याकडे जेवताना ताटं वाजायची, आईच्या बांगड्या वाजायच्या, बाबा एकदोनदा खाकरायचे, बाकी शांतता. पलीकडे काकी बाजारातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची, काका हसून ठसकायचा, ताटावर ताट आपटायचं. मी भाताचा घास हातात धरून ऐकत बसायची. आई म्हणायची, "जेव गो, निवता." मी जेवायची, पण कान भिंतीपलीकडे.

मला दीपाचा हेवा वाटायचा. दीपा काकीची मुलगी, माझ्याच वयाची, माझ्याच वर्गातली. तिच्याकडे माझ्याहून चांगले कपडे नव्हते, अभ्यासात ती माझ्या मागेच होती, आणि दिसायला म्हणाल तर लांबून लोक आम्हा दोघींना एकमेकींच्या नावाने हाका मारायचे. हेवा होता तो तिच्या आईचा. काकी आणि आई दोघी मालवणच्या बाजारात शेजारीशेजारी बसून मासे विकायच्या. काकी येणाऱ्याजाणाऱ्याला नावाने हाक मारायची, त्याच्या पोराची चौकशी करायची, बांगड्याचा कल्ला उचलून लालभडक रंग दाखवायची आणि माणूस नको नको म्हणत असताना त्याच्या पिशवीत मासे पडलेले असायचे. आई शेजारी माशांवर पाणी शिंपडत गप्प बसलेली. तिचे मासेही संपायचे, पण काकीचे संपल्यावर. शाळेतून येताना मी बाजारातून यायची तेव्हा काकी लांबूनच ओरडायची, "सुलू, हय ये गो बाये." आई नुसती मान वर करून बघायची. त्या वयात मला वाटायचं, हाक मारणं म्हणजेच माया.

गंमत अशी, की दीपा माझ्या आईसारखी होती. घरात कुणी पाहुणा आला की माजघराच्या दाराआड उभी राहायची. वर्गात उत्तर येत असूनही हात वर करायची नाही. काकी तिला म्हणायची, "तुका तोंड दिला हा देवान, ता वापर." दीपा हसून आमच्याकडे यायची आणि आईशेजारी बसून सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलायची. दोघी तासभर एक शब्द न बोलता सोलत बसायच्या. मला ते दिसायचं, पण त्याचं काही वाटायचं नाही. घरातली नावडती वस्तू कुणी वापरली तर आपलं काय जातं, तसं.

पहाटे रापण ओढली जायची. होडीतून लांबच लांब जाळं समुद्रात अर्धगोल सोडून यायचं आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर उभं राहून माणसांनी ओढायचे, ही रापण. दोराला हात लावील त्याला वाटा. बाबा आणि काका एकाच दोरावर असायचे, काका पुढे, बाबा मागे. ओढताना गडी सुरात ओरडायचे तो आवाज घरात ऐकू आला की आई टोपली घेऊन निघायची. मी लहान असताना जाळ्यात इतकी मासळी यायची की वाटे करता करता ऊन चढायचं. मग वर्षागणिक ती कमी होत गेली. दूर समुद्रात मोठ्या बोटी दिसायला लागल्या. त्यांचं जाळं आमच्यासारखं नव्हतं. माशांच्या थव्याभोवती गोल टाकून, बटव्याची नाडी ओढावी तसं ते तळातून आवळून घेतात. आतलं लहानमोठं काहीच सुटत नाही. पर्ससीन म्हणतात त्याला. आमच्या वाडीत तो शब्द शिवीसारखाच वापरला जायचा.

आणि माझा सख्खा मामा अशा एका बोटीवर तांडेल होता. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. कुठे जायचं, जाळं केव्हा टाकायचं, सगळं तो ठरवतो. बोट दुसऱ्या कुणा मालकाची, बंदरही आमच्यापासून लांब, आईच्या माहेरचं. मामा महिन्यातून एकदा यायचा तो बर्फात गुंडाळलेली सुरमई घेऊन. आधी आधी त्या सुरमईचा वास पलीकडे गेला की काकीच भिंतीवरून ओरडायची, "वैनी, माका डोक्याचो तुकडो ठेव." पुढे पुढे ती ओरडेनाशी झाली. मग बाबाही सुरमईचा तुकडा ताटात बाजूला सारू लागले. आई उरलेली सुरमई एकटी खायची.

सरकार अशा बोटींना नवे परवाने देणार आणि त्यांना किनाऱ्याच्या आणखी जवळ येऊ देणार, अशी बातमी आली तेव्हा मी अकरावीत होते. देवळात बैठक झाली. पुरुषांनी आधी निवेदनं दिली होती, त्याचं काही झालं नव्हतं. आता बायकांनी पायी ओरोसला जायचं, कलेक्टर कचेरीवर, डोक्यावर रिकाम्या टोपल्या घेऊन. वाटेत कट्टा गावात मुक्काम. हे सुचवलं काकीनेच. ती देवळाच्या पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "घराघरातसून एक बायलमाणूस येवक व्हया. कोणाचा काम, कोणाचा दुखणा, माका सांगू नकात." एकेक बाई हो म्हणत गेली. आईपाशी आल्यावर काकी थांबली. आई म्हणाली, "माका जमाचा नाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "भावाचे मासे गोड लागतत, ती येतली कशी?"

कुणी हसलं नाही, त्यामुळे ते आणखी वाईट वाटलं. आई पदर नीट करत खाली बघत राहिली. मला वाटलं होतं ती उत्तर देईल. आईच्या जागी काकी असती तर तिने त्या बाईला देवळाबाहेर काढलं असतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आमच्या घरातसून मी येतंय."

"आवशीक इचारलंस?" काकीने विचारलं. मी आईकडे बघितलं नाही. काकीने दीपालाही विचारलं, दीपाने मान हलवून नाही म्हटलं. तिला गर्दीत घुसमटायचं. काकी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बरा. मगे मी आणि सुलू." तो हात मला अजून आठवतो. बर्फाने आणि मिठाने चरचरीत झालेला, जड. कितीतरी वर्षं तो मी दीपाच्या खांद्यावर बघत आले होते.

निघायच्या दिवशी आईने मला अडवलं नाही. फडक्यात भाकऱ्या आणि सुक्या गोलम्याची, म्हणजे बारक्या कोळंबीची, खोबरं घातलेली किसमूर बांधून दिली आणि म्हणाली, "चपला घाल. डांबर तापता." एवढंच. ती दारात उभी होती आणि तिच्या मागे दीपा. दोन दिवस दीपा आमच्याकडेच राहणार होती. खळ्यातून बाहेर पडताना मी मागे वळून बघितलं ते दीपाला दाखवायला, की बघ, मी कुणाबरोबर चालले आहे.

पावसाळा संपून ऊन तापायला लागलं होतं. मालवण सोडल्यावर रस्ता चढत जातो, समुद्राचा वारा मागे पडतो आणि काजूच्या बागा सुरू होतात. सगळ्या वाड्यांमधल्या बायका मिळून रांग एवढी लांब झाली की वळणावर पुढचं टोक दिसायचं नाही. डोक्यावर रिकामी टोपली धरायची सवय कुणालाच नव्हती. भरलेली टोपली डोक्यावर बसते, रिकामी वाऱ्याने हलते. सारखा एक हात वर. काकी सर्वांत पुढे आणि मी तिच्या बाजूला. ती ओरडायची, "दर्या कोणाचो?" आणि आम्ही म्हणायचो, "आमचो." थोड्या वेळाने तिचा घसा बसला, तेव्हा ती मला म्हणाली, "आता तू सांग." मी ओरडले. माझ्या आवाजावर मागची सगळी रांग उत्तर देते हे पहिल्यांदा कळलं. एसटी थांबायच्या, आतले लोक खिडकीतून बघायचे. मी टाचा उंचावून चालायला लागले. आजही कुठल्या मोर्चात एखादी मुलगी पुढे होऊन घोषणा देताना दिसली की मी तोंड फिरवते. माझी जागा कुणी घेतली असं वाटतं.

कट्ट्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आजूबाजूच्या गावांतल्या शेतकरी बायका भातकापणी सोडून आल्या होत्या. त्यांनी मोठ्या टोपांतून उकड्या तांदळाची पेज आणली होती, सोबत चवळीची भाजी आणि लोणचं. आमच्यातल्या एकीने संकोचून म्हटलं, "तुमका उगाच त्रास." तर वाढणारी बाई म्हणाली, "तुमचे मासे नाय इले तर आमच्या पेजेक काय? खावा गप." सगळ्या हसल्या. काकी आणि मी भिंतीला टेकून पेज पीत होतो. तीच बाई माझ्या पानावर भाजी घालत काकीला म्हणाली, "काय आवाज आसा गो हेचा. ह्या तुझा चेडू काय?"

"व्हय तर," काकी म्हणाली, "माझाच ता."

तिने मला आपली मुलगी म्हटलं ते सहज, चुलत नात्याची फोड करत बसायला नको म्हणून. पण मी पेजेचं भांडं तोंडाला लावून तोंड लपवलं. इतकी वर्षं मनात म्हटलेली गोष्ट दुसऱ्या कुणीतरी मोठ्याने म्हटली होती. फार वेळ ते टिकलं नाही. भांडी धुताना काकी म्हणाली, "दीपा जेवला काय नाय, कोण जाणा. ताप इल्यासारखा वाटत होता सकाळी." मग थोड्या वेळाने, "तेका पेज आवडता." मग पाय पसरून टाचेवरचे फोड बघत, "दीपा इला असता तर रडला असता आज." मी दिवसभर तिच्या बाजूने चालले, घसा फोडून ओरडले, माझ्याही टाचा सोलल्या होत्या. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. जी घरी बसली होती तिचंच तिला पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ओरोस. तिथले रस्ते रुंद, इमारती एकमेकींपासून लांब लांब, सावली नाही. फाटकाशी पोलिसांनी आम्हाला थांबवलं. बरंच बोलणं झाल्यावर काही बायकांना आत सोडायचं ठरलं. काकीने मला घेतलं. म्हणाली, साहेबांशी शुद्ध बोलावं लागेल, तुका शाळेतला येता. बाकीच्यांनी टोपल्या फाटकासमोर रस्त्यावर मांडल्या आणि उन्हात बसून राहिल्या. आत पंखा होता. साहेब सभ्य होते. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, निवेदन वाचलं आणि म्हणाले, "तुमच्या भावना मी वर कळवतो. पण एक लक्षात घ्या, त्या बोटींवरही तुमचेच लोक काम करतात. तांडेल, खलाशी, सगळे इथलेच. त्यांच्या रोजगाराचं काय करायचं?"

मी तयार केलेलं वाक्य विसरले. मला मामाचा काळवंडलेला चेहरा दिसत होता. काकीने खुर्ची पुढे ओढली आणि सावकाश, कचेरीत बोलतात तसं बोलायला लागली. "साहेब, तुम्ही म्हणता ते खरं आहे. ह्या मुलीचा सख्खा मामा अशाच बोटीवर तांडेल आहे. म्हणून हिची आई घरी बसली. पण ही आली. पोटची पोर आईला सोडून चालत आली, यावरून आमचं काय झालंय ते समजा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग निवेदन पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. बाहेर आल्यावर बायकांनी काकीभोवती गराडा घातला. काय बोलली सुमनवैनी, साहेबाचा तोंडच बंद केल्यान. मालवणच्या केबलवर रोज संध्याकाळी बातम्या लागायच्या, त्यांचा कॅमेरावाला तिथे होताच. त्याने काकीला पुन्हा तेच सांगायला लावलं आणि माझ्याकडे बोट करून विचारलं, "ही तुमची मुलगी का?" काकी तोवर जिंकल्याच्या भरात होती. ती म्हणाली, "आता माझीच म्हणायची. हिची आई मोठ्या बोटवाल्यांच्या बाजूला गेली." आजूबाजूच्या बायका हसल्या. मी काकीच्या खांद्याला लागून उभी होते, कॅमेरा माझ्यावर होता.

परत आम्ही टेम्पोतून आलो. वाडीत पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती आणि बातम्या लागून गेल्या होत्या. टीव्ही काकीच्या घरात होता. शेजारपाजार तिथेच जमला होता, आई आणि दीपानेही त्यांच्यात बसून ते बघितलं होतं. लोकांनी काकीचं कौतुक केलं, कुणी तिला चहा दिला, मग एकेक करून सगळे गेले. आई आमच्या दारात विळीवर बांगडे कापत बसली होती. दीपा तिच्याशेजारी कंदील धरून. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुमन, चेडू तुझा म्हटलंस मां? मगे तुझ्याच घरात जेवक घाल तेका."

काकी हसली. "वैनी, ता बोलाचा म्हणान बोललंय."

"बोललंस ता सगळ्या गावान आयकला."

काकीचं हसू गेलं. तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, "बरा. माका जड नाय ता." मग दीपाला, "दीपा, घरात चल." दीपाने कंदील खाली ठेवला, पण उठली नाही. म्हणाली, "माका हयसरच बरा वाटता." आयुष्यात इतक्या स्पष्टपणे ती कधी बोलली नसेल. काकी मला ओढत आपल्या घरात शिरली.

बाबांना वाटलं सकाळपर्यंत निवळेल. नाही निवळलं. काका म्हणाला, "बायकांच्यात मी पडाचंय नाय," आणि दोघे भाऊ रोजच्यासारखे एका दोरावर जाऊन उभे राहिले. अशा रीतीने ज्या घराचा मी लहानपणापासून हेवा केला त्या घरात मी राहायला गेले. आणि तिथे कुणी नव्हतंच. काकी बाजारातून आली की पदर खोचून निघायची, आज या वाडीत बैठक, उद्या त्या. सकाळी एकदा माशांचं तिखलं करून ठेवायची, तिरफळ घातलेलं, झणझणीत. रात्री मी आणि काका ते गार खायचो. ती यायची तेव्हा माझ्याशी मोठ्या बाईशी बोलावं तसं बोलायची, कोण फुटलं, कोण आपल्या बाजूने, पुढचा मोर्चा कसा न्यायचा. मला ते आवडायचं. पण मी जेवले का, हे तिने एकदाही विचारलं नाही. ती विचारायची, "दीपान काय केल्यान आज?"

आता भिंतीच्या या बाजूने मी ऐकायला लागले. पलीकडे हसणं नव्हतं. तव्यावर घावण्याचं पीठ पडल्याचा चर्र आवाज यायचा. आईचे घावणे इतके पातळ आणि जाळीदार असत की उजेडासमोर धरले तर पलीकडचं दिसे. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग आईचा आवाज, "आणखी घे." काकीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमचं मागचं दार दिसायचं. तिथे दुपारी आई दीपाच्या केसांना तेल लावायची. माझ्या केसांना तिने कधी लावलं नव्हतं असं नाही, पण मी दर वेळी मान सोडवून पळायची. दीपा डोळे मिटून बसलेली. एक दिवस मी खिडकीत उभी होते, मागून काकी आली आणि माझ्या खांद्यावरून बघायला लागली. मग म्हणाली, "माका कधी लावक देवक नाय तेल तेना." आणि टोपली उचलून बाहेर गेली.

एकदा आई विहिरीवर एकटी सापडली. मी विचारलं, "आये, तू कित्याक नाय इलंस मोर्चाक?" ती कळशी भरेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "येवन काय बोलतलंय होतंय? माझ्या भावाची बोट बंद करा म्हणान? आणि ती चलांदे म्हटलंय, तर तुझो बापूस रिकाम्या हातान घरी येता. माका दोन तोंडां नाय गो."

मी म्हणाले, काकीने केबलवर बोलायला नको होतं.

"ती बोलली ता बोलली," आई म्हणाली. "तू हसत होतंस."

ती कळशी कमरेवर घेऊन गेली. आज माझी मुलगी त्या वयाची आहे. ती तिच्या मैत्रिणीच्या आईबद्दल भरभरून बोलते तेव्हा मी ऐकून घेते, मध्येच काहीतरी कामाला उठते. आईला काय वाटलं असेल हे समजायला मला कुणाच्या सांगण्याची गरज उरलेली नाही.

परवान्यांचं म्हणाल तर ते त्या वेळी थांबले. गावाने फटाके लावले, काकीला शाल आणि नारळ दिला. पुढे कायदे झाले, किनाऱ्यापासून किती लांब राहायचं ते ठरलं, आणि आता तर बोटी समुद्रात मोठमोठे दिवे लावून मासे ओढून घेतात. त्यांचा उजेड आमच्या खळ्यातून दिसतो. काकी अजून मोर्चाला जाते, टेम्पोत पुढच्या सीटवर बसून. आई एकाही मोर्चात चालली नाही. रापण क्वचित निघते. पण हे सगळं नंतरचं.

मामा आला तो त्या फटाक्यांनंतर काही दिवसांनी, सकाळच्या एसटीने. खळ्यात येऊन उभा राहिला. हातात पिशवी नव्हती. काकी तिच्या दारात मासे निवडत होती, मी तिच्याजवळ. आई बाहेर आली. मामा चपला काढत म्हणाला, "मासे आणूक नाय गो ताई. म्हटला, आता तुमका नको असतले."

"बस," आई म्हणाली.

तो पायरीवर बसला. "मालकान माका इचारल्यान. मालवणच्या टीव्हीवर दिसली म्हणतत, ती तुझी भाची काय रे? मी म्हटलंय, व्हय."

"मगे?"

"मगे काय. बोटीर गेलंय." मग तो म्हणाला, "सुमनवैनी बोलली ता खोटा नाय. हल्ली जाळ्यात बारकेच जास्ती गावतत. पण माका दुसरा काय येता, सांग." हे तो आईला म्हणाला, पण काकीलाही ऐकू जाईल असं. काकी हातातला बांगडा उगाच उलटासुलटा करत राहिली. मग त्याची नजर माझ्याकडे गेली. "सुलू, तू थय कित्याक बसलंस?"

मी आईकडे बघितलं. ती मामाच्या चपला उचलून सावलीत ठेवत होती. वाकलेली असतानाच ती म्हणाली, "सुलू, मामा इलो. पाणी दी तेका."

मी उठले, खळा ओलांडला आणि आमच्या दारातून आत गेले. माजघरात दीपा आधीच तांब्या भरून उभी होती. मी हात पुढे केला. तिने तांब्या सोडला नाही. आम्ही दोघी तो धरून उभ्या राहिलो, पाणी तिच्या आणि माझ्या हातांवर सांडलं. बाहेरून आईचा आवाज आला, "दीपा, तिका दी. मामा तिचो." दीपाने बोटं सैल केली. तिने माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत काय होतं ते मला बरोबर ओळखू आलं; इतकी वर्षं मी तिच्याकडे तसंच बघत आले होते. मी मामाला पाणी दिलं. तो प्यायला आणि त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दुपारी आईने बांगड्याचं साधं तिखलं केलं, पातळ, तिरफळ कमी. जमिनीवर पाट मांडले. मामाचं ताट वाढलं, बाबांचं वाढलं, मग माझं. मी माझ्या जागेवर जाऊन बसले, भिंतीकडे पाठ करून. दीपा अजून माजघराच्या दारात होती. पलीकडून काकीने एकदा हाक मारली, मग मारली नाही. आईने दीपासाठी आणखी एक ताट घेतलं, माझ्या शेजारी ठेवलं आणि त्यात भात वाढला. मला घरात परत घेतल्याला अर्धा दिवसही झाला नव्हता, पण त्या ताटात सर्वांत मोठा बांगडा पडला तो मी मोजूनमापून बघितला, आणि मग माझ्या ताटातला.